चिंचगावच्या गढीतले भुयार

नाव मनुबाई भ्रतार कृष्णात जमदाडे, वय अदमासे बावीस, धंदा शेतकाम, राहणार कुंडल, संस्थान औंध. हल्ली मुक्काम मौजे चिंचगाव, तालुका तासगाव, बहीण रंगूबाई हिचे घरी. माहे फेब्रुवारी, सन १९४६.

ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, माझे पती कृष्णात हे पलटणीत शिपाई होते. लढाईत ते इटली मुलुखात होते. गेल्या दिवाळीनंतर पलटणीतून नाव कमी होऊन घरी आले. अंगावर जखम नव्हती. आल्यापासून ते कमी बोलत. झोपेत नाथाजी म्हणून हाका मारीत. नाथाजी हा त्यांचा पलटणीतला सोबती, तो तिकडेच मेला. पतींचा कोणाशी तंटा नव्हता. दारूचे व्यसन नव्हते.

काल आम्ही उभयता बहिणीकडे आलो. आज सकाळी जेवण झाल्यावर बहिणीचा नवरा धुळा म्हणाला, "गढी बगून या की. गावानं झाडं लावून बाग केलीया. सांगलीची मानसंबी येत्यात." म्हणून मी व पती गेलो.

गढी फार जुनी, पडकी आहे. एक बुरूज व दरवाजाची कमान तेवढी उभी आहे. भोवती झाडे व बसण्यास दगड मांडले आहेत. तेथे सांगलीचे गृहस्थ विष्णुपंत, त्यांची पत्नी विनोदिनीबाई व मुलगी शकुंतला, वय सहा, फराळ करीत होते. त्यांची आमची ओळख नाही.

पती कमानीपाशी थांबले, पुढे येईनात. मी विचारले, "आवं, काय झालं?" ते म्हणाले, "असलाच वाडा हुता तिकडं, डोंगराव. रिकामा हाय म्हनून सांगितलं आमास्नी." मी म्हणाले, "हितं कोन न्हाई. चला, घरला जाऊ." ते म्हणाले, "हळू बोल." बुरुजाला बंदुकीसाठी ठेवलेली भोके आहेत. ते त्यांतले एकेक भोक बोटाने मला दाखवू लागले. भोकांत काही नव्हते.

इतक्यात ओढ्यापलीकडे सुरुंग उडाला. तेथे सडकेच्या खडीसाठी दगड फोडतात हे मला मागाहून समजले. पतींनी माझी मान धरून मला खाली पाडले. मी उठते तो दुसरा सुरुंग उडाला. मुलगी भिंतीलगत फुले वेचत होती. पतींनी तिला उचलले, माळ्याचा कोयता पडला होता तो घेतला व बुरुजाखालच्या भुयारात शिरले. मुलीचे ओरडणे ऐकू येत होते. मग येईना.

विनोदिनीबाई भुयाराकडे धावल्या. आतून पती ओरडले, "फुडं याल तर मराल." विष्णुपंतांनी आरडाओरडा केला. बाजारचा दिवस असल्याने माणसे लगोलग जमली. कोणी म्हणाले, पोर पळवली. कोणी आणखी काही म्हणाले, ते मी सांगत नाही. हातांत काठ्या व दगड होते. धुळाही आला. मी त्यास म्हणाले, "दाजी, थांबवा ह्यास्नी. त्येंचं डोस्कं ठिकान्याव न्हाई." तो म्हणाला, "तू बाजूला हो."

मी विनोदिनीबाईंना म्हणाले, मी आत जाते. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग सोडला.

भुयारात वाकून जावे लागते. आत काळोख होता. पतींनी विचारले, "कोन हाय?" मी माझे नाव सांगितले. पुन्हा सांगितले. कोयता दगडावर घासल्याचा आवाज झाला. तेव्हा मी म्हणाले, "नाथाजी हाय मी." ते म्हणाले, "लय उशीर केलास गड्या." मी म्हणाले, "थांबलं बग समदं. भाईर आपलीच मानसं हायत." त्यांनी कोयता खाली ठेवला. मी चाचपले तो मुलगी त्यांच्या मांडीवर होती. तिला कोठेही इजा नव्हती. मी तिला कडेवर घेतले. पती म्हणाले, "पोरीला घिऊन मागं ऱ्हा. आदी मी जातो."

ते दोन्ही हात वर करून बाहेर गेले.

पहिला दगड त्यांच्या कपाळावर बसला. ते गुडघ्यांवर आले, तरी हात वरच होते. मग काठ्या सुरू झाल्या. मी मुलगी आईकडे टाकली व पतींच्या अंगावर पडले. मुलगी ओरडत होती, "काकांना मारू नका. मोठा आवाज होईल म्हणून ते माझे कान झाकत होते." विनोदिनीबाई मध्ये शिरल्या तेव्हा लोक मागे सरले. त्यांनी आपल्या पदराने पतींचे रक्त पुसले. विष्णुपंत झाडाखाली बसून राहिले.

पतींना गाडीत घालून ठाण्याकडे आणत असता वाटेत ते मयत झाले.

दगड कोणी मारला ते मी पाहिले नाही. पहिली काठी मारणाऱ्यास ओळखते. तो धुळा. माझी बहीण रंगूबाई आत्ता ठाण्याच्या ओट्यावर बसली आहे. तिच्या पदरी दोन लेकरे आहेत. तिने माझे पाय धरून, नाव सांगू नकोस, असे मला विनवले आहे. हवालदारांनीही, विचार करून सांग, असे दोन वेळा म्हटले.

विचार केला आहे. नाव लिहावे.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून ऐकवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, त्यात कमीजास्त नाही. लिहिता येत नाही, सबब डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे.

निशाणी अंगठा, मनुबाई भ्रतार कृष्णात जमदाडे