मोगरीचा चौथा वाटा

(दौंड, जानेवारी २००२. नालबंद नबीलाल यांच्या घरामागची पत्र्याची शेड. दारात रिकामा टेम्पो.)

पोपटराव: तसं न्हाई, नबीभाई. आज एकतीस तारीख. तुमची तिमाही आज संपली, उद्यापासनं माझी. मोगरीला टेम्पोत चढवा आन् मला मोकळं करा. इनामगावपतुर जायचंय.

नबीलाल: चढवतो की. जरा टेका तर.

पोपटराव: तासभर झाला टेकून. आधी म्हणलात, नाल ढिली हाय. मग म्हणलात, गारठा लई हाय, ऊन वर येऊ द्या. ऊन डोक्यावर आलं, तरी घोडीच्या अंगावरची झूल काय निघंना.

नबीलाल: सर्दी झालीय तिला.

पोपटराव: घोडीला?

नबीलाल: होती कधी कधी.

अकिला: पोपटदादा, चहा घ्या. साखर कमीच टाकलीय. मागच्या खेपेला वहिनींनी बजावलं होतं मला.

पोपटराव: ठेवा भाभी तिथं. तुम्हीच सांगा आता तुमच्या मालकाला. चैतातल्या यात्रेच्या बैलगाडा शर्यतीसाठी तीन गाडेवाल्यांना शब्द दिलाय मी. घाटात बैलं पळत्यात ती पुढच्या घोडीच्या जिवावर. ती पुढं सुटली की बैलं मागं सुटली. मधी दोन महिने हायत फकस्त. रोज सकाळी नदीच्या वाळूत दौडवली, तर कुठं अंगात येईल तिच्या. आन् हे म्हणतेत, सर्दी.

अकिला: मी कशाला बोलू? घोडी तुम्हा चौघांची.

पोपटराव: ते बी खरंच. सरका नबीभाई, मीच काढतो झूल.

नबीलाल: ऱ्हाऊ द्या, पोपटराव.

पोपटराव: का? लाजती का काय ती?

नबीलाल: ऱ्हाऊ द्या म्हणतो ना.

पोपटराव: ही घ्या, काढली झूल. … नबीभाई.

नबीलाल: हां.

पोपटराव: ही गाभण हाय.

नबीलाल: हां.

पोपटराव: हां काय? आठ दिवसांत सरावाला काढायची म्हणून मी टेम्पो घेऊन आलोय, आन् तुम्ही हां म्हणताय?

नबीलाल: मग काय म्हणू?

पोपटराव: कुणाचा घोडा?

नबीलाल: टांग्याचा. स्टेशनावरचा. दिवाळीनंतर एक डाव दावं तोडून गेली, तवा झालं असंल.

अकिला: स्टेशनावर टांगा उरलाय कुठं? सगळ्या रिक्षा झाल्या, त्यालाही तीन वर्षं झाली.

नबीलाल: अकिला, तू आत जा.

अकिला: कपबशी न्यायचीय मला. दादांनी चहाला हात नाही लावला अजून.

पोपटराव: चहा गेला खड्ड्यात, भाभी. माफ करा, पण डोकं फिरलंय माझं. नबीभाई, मोगरी घेतली तवा पैसा आम्ही तिघांनी घातला. मी, भिमाजीनं आन् बबनरावांनी. तुमाला चौथा वाटा दिला तो तुमच्या हातच्या कामावर. नालबंदी तुमची, तिला घाटाची सवय लावणं तुमचं. बबनराव तवा कुरकुरले व्हते, एक रुपाया न घालता वाटा कसा म्हणून. मी भांडलो त्यांच्याशी.

नबीलाल: ठाऊक हाय मला. इसरलो न्हाई.

पोपटराव: आन् शिरूरला स्टँपपेपर केला आपण. कलम पाच. घोडी दुसऱ्या घोड्याजवळ, वरातीला किंवा मिरवणुकीला न्यायची न्हाई. ज्याच्या तिमाहीत हे घडंल, त्याचा वाटा रद्द.

नबीलाल: तुम्हीच वाचून दाखवलं व्हतं.

पोपटराव: मग आता मी काय करू? भिमाजीला आन् बबनरावांना काय सांगू? ते म्हणतील, नबीलालचा वाटा काढून घ्या. आन् कागदापरमानं त्यांचं बरोबर ऱ्हाईल.

नबीलाल: बरोबरच हाय. गेला माझा वाटा. सही कुठं करायची तेवढं सांगा.

पोपटराव: भांडणार बी न्हाई तुम्ही?

नबीलाल: भांडून पोट कमी व्हणार हाय का तिचं? फकस्त एक करा. आता टेम्पोत चढवू नका. रस्त्याला खड्डे लई हायत. व्यायाला हितंच ऱ्हाऊ द्या, मग न्या.

अकिला: आणि मग तुम्ही काय करणार? सांगा की. दादांना पण कळू दे.

नबीलाल: अकिला.

अकिला: आज नाही गप्प बसणार मी. पोपटदादा, एकेकाळी या शेडपुढं सकाळच्या प्रहराला वीस-वीस घोडी उभी असायची. आता नाल मारायला यांच्याकडं दोनच जनावरं उरली. एक ही मोगरी आणि एक केडगावच्या बँडवाल्याचा पांढरा घोडा. मोगरी तुमच्याकडं इनामगावला असते तेव्हासुद्धा हा माणूस पंधरा दिवसांनी एसटी धरून तिचे खूर बघायला येतो. इथं असली तर उठल्याबरोबर आधी तिच्या पायाला हात, मग आमच्याशी बोलणं. तिच्यातला वाटा गेला तर हा माणूस उद्या कशासाठी उठेल, मला सांगा.

पोपटराव: भाभी, मला का वाईट वाटत न्हाई? पण लक्ष द्यायला नको? तीन महिने सांभाळायची फकस्त.

अकिला: तीन महिने. ऐकलंत का, सलमानचे अब्बा? तीन महिने म्हणतायत.

नबीलाल: तेवढं बास कर.

अकिला: पोपटदादा, तुमच्या दावणीला म्हशी आहेत ना? इकडं या. खाली वाका. हिची कास बघा.

पोपटराव: … सुटलीय की कास.

अकिला: तीन महिन्यांच्या गाभण जनावराची अशी सुटते?

पोपटराव: न्हाई. म्हशीची तर शेवटच्या महिन्यात… घोडीला किती दिस लागत्यात?

अकिला: अकरा महिने. यांना विचारा.

पोपटराव: नबीभाई?

नबीलाल: अकरा. दहा-पंधरा दिस हिकडंतिकडं.

अकिला: मी माझ्या दोन सुनांचे दिवस मोजलेत, शेजारपाजारच्या चार शेळ्यांचे मोजलेत. हिचेही मोजले. अजून महिनाभर काढेल. म्हणजे दहा महिने भरले. आता तुम्ही मागं मोजा. नोव्हेंबरपासून आमच्याकडं. त्याच्या आधी बबनराव. त्याच्या आधी भिमाजी. त्याच्या आधी कोण?

पोपटराव: त्याच्या आधी…

अकिला: फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. गेलं साल.

पोपटराव: थांबा भाभी. बोटं मोजू द्या.

नबीलाल: चहा प्या, पोपटराव. थंडगार झाला.

पोपटराव: मार्चच्या शेवटाला विक्रमचं लगीन व्हतं. केडगावला. माझा भाचा.

अकिला: मग?

पोपटराव: अक्का चार दिस मागं लागली व्हती. म्हणाली, मामाच्या घरात असली घोडी असताना माझा विक्रम भाड्याच्या घोड्यावर बसणार का? बहीण हाय, भाभी. थोरली. तिला कलम पाच कसं सांगायचं?

अकिला: नाही सांगता येत.

पोपटराव: बँडवाल्याला आधीच ठरवलं व्हतं, त्यानं बी त्याचा घोडा आणला. त्याला म्हणलं, तुझं काम न्हाई, तू जेवून घे. त्यानं मांडवामागं बांधला. वरात झाली आन् मी मोगरीला बी तिथंच… दोघांच्या मधी पाण्याचा टँकर व्हता.

अकिला: टँकरचं काय, दादा, टँकर रिकामा झाला की निघून जातो.

पोपटराव: एका रातीची गोष्ट वो. नबीभाई, तुमाला ठाऊक व्हतं?

नबीलाल: ऑक्टोबरच्या शेवटाला बबनरावांनी आणून सोडली, तवा मागचा पाय उचलला आन् पोटाला हात लागला. तवाच कळलं. मग बँडवाला आला त्याच्या घोड्याला नाल मारायला. तो हसत हसत सांगत व्हता, तुमच्या घोडीची आन् आमच्या राजाची केडगावला सोयरीक झाली म्हणून.

पोपटराव: आन् तुम्ही तीन महिने गप? मघापासनं मी तुमाला नाही नाही ते बोलतोय, तरी टांग्याचा घोडा सांगताय?

नबीलाल: मी इचार केला. ह्या कागदात आपण चौघं. तुम्ही गेलात तर सगळंच गेलं. घास तुमच्या रानातला, टेम्पो तुमचा. भिमाजीचं आन् बबनरावांचं तुमच्याशिवाय एक दिस पटत न्हाई. तुम्ही निघालात की घोडी बाजारात. मी निघालो तर काय व्हतंय? दुसरा नालबंद बघाल. घोडी तरी जाग्यावर ऱ्हाईल. कवा तरी बघायला आलो असतो.

अकिला: घ्या दादा, डोळ्याला लावा. पदर नाही, टॉवेलच आहे. धुतलेला आहे.

पोपटराव: धूर गेला डोळ्यात.

अकिला: चूल पेटलीच नाही आज. गॅस आहे आमच्याकडं.

पोपटराव: भाभी, फोन चालू हाय का तुमचा?

अकिला: चालू आहे, पण मोठ्यानं बोलावं लागतं. थांबा, वायर लांब आहे, खिडकीतून देते.

नबीलाल: कुणाला करताय?

पोपटराव: भिमाजीला. गप बसा आता तुम्ही. लई दिस गप बसलात, अजून पाच मिनिटं बसा. … हॅलो. भिमाजी? पोपट बोलतोय, दौंडवरनं. ऐक. मोगरी गाभण हाय. … व्हय. महिन्याभरात व्यायची. … न्हाई, न्हाई, नबीभाईंचा काय संबंध न्हाई. त्यांचं नाव काढू नको. माझ्या तिमाहीत झालं. विक्रमच्या वरातीला न्हेली व्हती मी. … शिव्या समोर आल्यावर दे, लोकांचा फोन हाय. … कलम पाच मीच लिहिलंय, मला मान्य हाय. माझा वाटा रद्द धरा. … काय? … हसतोस काय? … तू? … कवा? … मे महिन्यात? कुणाच्या वरातीला? … आन् मला आज सांगतोस व्हय रं? … कोण, बबनराव? … गुलाल? … तरीच, ऑक्टोबरात तिची आयाळ गुलाबी दिसत व्हती, मला म्हणाले ऊन लागलंय. … हां. … हां. ठेव.

अकिला: काय म्हणतायत?

पोपटराव: मे महिन्यात त्यानं साडूच्या पोराला मोगरीवरनं मिरवलं. आन् बबनरावांनी गणपतीच्या मिरवणुकीत ढोलापुढं नाचवली. दोघांनी एकमेकाला धरलं, म्हणून दोघं बी गप.

अकिला: पाच महिन्यांची पोटुशी असताना ढोलापुढं. बाईच्या जातीला सुख नाही कुठं.

पोपटराव: म्हंजी कलम पाचापरमानं माझा वाटा गेला. भिमाजीचा गेला. बबनरावांचा बी गेला.

अकिला: मग राहिलं कोण?

पोपटराव: तुमचे हे. कागद म्हणतो, मोगरी आजपासनं पुरी नबीभाईंची. पोटातल्या शिंगरासकट.

नबीलाल: नको.

पोपटराव: नको काय? मी लिहून देतो, ते दोघं बी सही करतील. तोंड न्हाई त्यांना नाही म्हणायला.

नबीलाल: मला पुरी घोडी न्हाई झेपत, पोपटराव. घास तुमचा, हरभरा भिमाजीचा, जनावरांचा डॉक्टर बबनरावांचा मेव्हणा. माझ्याकडं नुसती हातोडी.

पोपटराव: ते सगळं आम्ही पाठवू की. आत्ता बी घोडी हितंच ऱ्हाऊ द्या. तिमाही माझी, शेड तुमची. उद्या टेम्पो भरून घास टाकतो. गाडेवाल्यांना बी मीच सांगतो, औंदा मोगरी पळायची न्हाई म्हणून.

नबीलाल: तेवढं करा. पण वाटा चौथाच ऱ्हाऊ द्या. माझी एकट्याची म्हणून तुम्ही दोन महिने घास पाठवाल. तिसऱ्या महिन्यात तुमच्या घरात इचारतील, कुणाच्या घोडीला चाललाय हा. वाट्याची घोडी असली की कुणी इचारत न्हाई.

अकिला: आणि ती नऊ महिने दुसरीकडं असते, तेव्हा मला घरात माणूस मिळतो. त्याचाही विचार करा.

पोपटराव: मग कागदाचं काय करायचं?

नबीलाल: पाचवं कलम खोडा. बाकीचं चांगलं हाय.

पोपटराव: खोडतो. सोमवारी शिरूरला जातोच. पण बघा नबीभाई, परत असं कुणी देणार न्हाई. आख्खी घोडी, कायद्यानं तुमची. शेवटचं इचारतो.

नबीलाल: आख्खी घेऊन काय करू? तिमाही संपली म्हणून भांडायला माझ्या दारात मग कोण येणार?