झिपरूअण्णाची मोगरी

मंडळी, एकच प्रश्न विचारतो, मग खुशाल झोपा! माणसं शंभर, अंगात जोर, रस्ता ठरलेला, वर देव सोबत — तरी गाडा भलतीकडं का जातो? अहो खांबाला टेकलेले काका, तुम्हालाच विचारतोय! नाही माहीत? मग ऐका!

खानदेशात पिंपळकोठं नावाचं गाव. कार्तिकी एकादशीला तिथं बालाजीचा रथ निघतो. सागवानी, दोन मजले उंच! पण या रथाला ना सुकाणू, ना ब्रेक. पुढं दोन दोर, माणसं ओढतात. वळवायचा कसा? चाकाखाली मोगरी घालायची. मोगरी म्हणजे लांब दांड्याची लाकडी पाचर. डाव्या चाकाखाली सारली, रथ डावीकडं. दोन्हीकडं सारली, जागीच उभा! हे काम वीस वर्षं झिपरूअण्णा सुताराकडं, हाताखाली तीन गडी. रथाच्या एकाही फोटोत अण्णाचं तोंड नाही. चाकापाशी वाकलेल्या माणसाचं काय दिसणार? पाठ!

त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष झाले डिगंबरशेठ भंगाळे, केळीचे बागायतदार. माणूस वाईट नव्हता हो! फक्त पुण्याला जाऊन नेतृत्वाचं तीन दिवसांचं शिबिर करून आला होता. तीन दिवसांचा ताप उतरतो, मंडळी — तीन दिवसांचं शिबिर उतरत नाही!

पहिल्याच बैठकीत शेठनी फाईल उघडली. "रथ देवळात परतायला दरवर्षी दिवेलागण होते. का? मी अभ्यास केलाय. रथ वाटेत दीडशे वेळा थांबतो! थांबवतं कोण? मोगरी! म्हणून यंदा मोगरी बंद. दिवस मावळायच्या आत रथ देवळात — नाही आला तर हा फेटा देवाच्या पायावर, अन् अध्यक्षपदही!"

टाळ्या! काय टाळ्या! आपल्याकडं टाळी आधी, विचार नंतर.

मागून झिपरूअण्णा म्हणाला, "शेठ, टाकीजवळच्या उताराला काय करणार?"

"अण्णा, नकारात्मक बोलायचं नाही. तुम्ही यंदा प्रसादप्रमुख!" आणि अण्णाच्या छातीला बिल्ला टोचला.

बिल्ले सगळ्यांनाच! दोरप्रमुख, उपदोरप्रमुख, फूलप्रमुख, शिट्टीप्रमुख — शिट्टीला तर तीन प्रमुख! एकमेकांवर लक्ष ठेवायला.

उजाडली एकादशी. शेठ रथावर, देवाच्या शेजारी. गुलाबी फेटा, हातात माईक. "ओढा रे!" आणि मोगरी नाही म्हटल्यावर रथ काय पळाला! दरवर्षी दुपार खाणारी पेठ एका तासात पार. शेठनी उन्हाकडं बघितलं — ऊन अजून भिंतीवर! फेटा तर राहिलाच, वर सत्कार होणार! भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा मनात तयार झालं.

तेवढ्यात आला टाकीचा उतार.

उताराच्या पायथ्याला रस्ता उजवीकडं वळतो, देवळाकडं. सरळ गेलं तर? सरळ गेलं तर शेठचंच अंगण! पाहुण्यांना भरीत-पुरीचं आवतण होतं, म्हणून फाटक सताड उघडं.

रथ लागला घरंगळायला. तिन्ही शिट्टीप्रमुख शिट्ट्या फुंकू लागले — चाकाला शिट्टी कळते का हो? दोरवाल्यांनी दोर टाकले आणि गटारापलीकडं उड्या मारल्या! शेठ माईकमध्ये ओरडले, "थांबा! थांबा!" रथ सोडून सगळं गाव थांबलं!

आणि रथ? फाटकातून आत, तुळशीवृंदावन चुकवून, थेट कडब्याच्या गंजीत — धप्प! कुणाला ओरखडा नाही. एक शेळी तेवढी 'बेंऽ' म्हणाली. शेठचा फेटा शेवग्याच्या फांदीवर, आणि शेठ देवाचा खांब मिठीत धरून बसलेले. एवढी भक्ती जन्मात केली नव्हती!

शेठच्या मंडळी गोदावरीबाई हातात झारा घेऊन बाहेर आल्या. वर बघतात तो काय! "अहो, पाहुणे आणतो म्हणाला होतात. साक्षात देव आणताय, हे सांगायचं तरी! सोवळं नेसले असते!"

शेठनी पुन्हा उन्हाकडं बघितलं. ऊन टाकीच्या माथ्यावर चढलेलं. आता अर्धा तास उजेड. फाईलमध्ये या प्रसंगाला पानच नव्हतं!

फाटकातून झिपरूअण्णा आला. बिल्ला खिशात, खांद्यावर मोगऱ्या, मागं तिघं गडी. "माईकवर ऐकलं देवळात. इतकं मनापासून 'थांबा' या गावात आजवर कुणी म्हणालं नव्हतं, शेठ."

"अण्णा, दिवस मावळायच्या आत पोचू?"

"नाही."

"फेटा जाईल माझा!"

"फेटा तसाही झाडावर आहे. तुम्ही खाली उतरा."

उतरले! अण्णानं एक मोगरी शेठच्या हातात दिली. "मी 'घाला' म्हटलं की घालायची, 'काढा' म्हटलं की काढायची. मधल्या वेळात योजना करायची नाही."

दोर मागच्या बाजूला बांधले. बिल्ले काढून सगळे दोराला लागले. घाला — काढा — घाला! रथ अंगणाबाहेर निघाला, वळणावर आला. चाकाची लोखंडी धाव शेठच्या पायाच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर. आणि तिथं, वाकल्या वाकल्या, शेठना दिसलं — वरून नुसती गर्दी दिसते, रस्ता दिसतो तो इथून.

रथ देवळात पोचला तेव्हा दिवे लागले होते. शेठनी फेटा आणून देवापुढं धरला. "शब्द म्हणजे शब्द. पदही सोडतो."

झिपरूअण्णा म्हणाला, "देवाला मुकुट आहे, फेटा कशाला? मोगरीचा दांडा हात सोलतो. त्याला गुंडाळू. आणि पद ठेवा, शेठ, फक्त पुन्हा वर चढू नका."

तेव्हापासून पिंपळकोठ्याच्या मोगरीला गुलाबी मूठ आहे! परगावचा माणूस विचारतो, "अध्यक्ष कुठायत?" तर पोरंटोरं चाकाकडं बोट दाखवतात. शेठचीही फोटोत पाठच येते आता!

हसलात? हसा! आता जरा स्वतःच्या छातीकडं बघा. या मांडवात मला तीस बिल्ले दिसतायत. स्वागतप्रमुख, मंचप्रमुख, आणि ते कोपऱ्यातले — हारप्रमुख! घरात, दुकानात, सोसायटीत, आपण सगळे माईक धरून रथावर बसलेलो. चाकाशी कोण आहे? आणि तो 'उतार आहे' म्हणाला, तेव्हा आपण त्याला प्रसादप्रमुख केला की नाही?

उत्तर मला देऊ नका. आरती झाली की या चटया गुंडाळायच्या आहेत, शंभर आहेत. मी इथंच उभा राहून बघणार आहे — पहिला बिल्ला कुणाचा वाकतो!

बोला, गोविंदा!