चौथा उंट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या कारखान्याच्या संचालिका बाईसाहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले पतपेढीचे सचिव. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले मोठे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी बंधुभगिनी, सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालक मघाशी कानात म्हणाले, दोनच शब्द बोला. ज्यांनी आपल्याला एवढं दिलं त्यांच्याबद्दल दोन शब्दांत कसं भागणार? खरं सांगायचं तर दोन शब्द माझ्याकडे आहेत, पण ते चारचौघांत बोलण्यासारखे नाहीत. तेव्हा थोडा वेळ घेतो.

आधीच्या वक्त्यांनी साहेबांच्या शिस्तीचं कौतुक केलं. मी त्यांच्या शब्दाबद्दल बोलतो. काही वर्षांपूर्वी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. माझ्यासारख्या यंत्रांचे नकाशे काढणाऱ्या माणसाला मोठ्या साहेबांनी खुर्ची दिली की त्यानं सावध व्हावं, ही अक्कल मला पुढे आली. साहेबांचे मेहुणे तेव्हा आपल्या पॅकिंग विभागात होते. त्यांना पतपेढीतून मोठं कर्ज हवं होतं आणि जामीन मिळत नव्हता. अधिकाऱ्यानं स्वतःच्या नातेवाइकाला जामीन राहायचं नाही असा नियम, आणि साहेब नियमाचे पक्के. माझ्यासमोर कागद सरकवून ते म्हणाले, "सही तुमची, शब्द माझा." मी सही केली. साहेबांना नाही म्हणायची छाती इथं कुणाची होती? हात वर करा. बघा, एकही नाही.

मेहुणे पहिले काही हप्ते भरून पसार झाले. कुठे गेले ते साहेबांनाच ठाऊक असेल. कर्ज माझ्या पगारातून कापलं जाऊ लागलं, आणि पगार संपला तरी हप्ता पुरा होईना. मी पुन्हा केबिनमध्ये गेलो. या खेपेला खुर्ची नव्हती. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "कागदावर सही कुणाची आहे, ते बघा."

पतपेढीच्या फळ्यावर थकबाकीदार म्हणून माझं नाव लागलं. जेवणाचा डबा द्यायला आलेल्या माझ्या बायकोनं ते सगळ्यांच्या आधी वाचलं. त्या दिवसापासून ती कारखान्याच्या फाटकाच्या आत आली नाही. डबा पहारेकऱ्याकडे ठेवून परत जायची. मित्रहो, साहेबांचं दुसरं काहीही मी कदाचित विसरेन, हे विसरणार नाही.

मला लाकूड कोरायचा नाद लहानपणापासूनचा. बुद्धिबळाच्या सोंगट्या करायचो, हौस म्हणून, कुणाच्या वाढदिवसाला वगैरे. बायको म्हणाली, एवढा नाद आहे तर त्याला पोटापाण्याला लावा. मग कामावरून आलो की मी स्वयंपाकघरात कोरायला बसायचो. ती पॉलिशपेपरनं घासायची, तेल लावायची. बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानदारानं दोन संच ठेवून घेतले. ते विकले गेले, त्यानं आणखी मागितले. गाडं कुठे रुळावर येत होतं, तोच साहेबांना माझ्या कॉलरवर भुसा दिसला.

मेमो आला. नोकरीबाहेर कमाई केल्याबद्दल माझी बढती रोखली गेली. मी विनवणी केली की साहेब, हे कर्ज कुणाचं आहे ते तुम्हाला माहीत आहे. साहेब म्हणाले, "तुमचे हात कंपनीचे आहेत. सुटीच्या दिवशीसुद्धा."

त्या संध्याकाळी मी उंट कोरायला घेतला. हात रागानं चालत होता. मान झाली, डोळे झाले, अर्धे मिटलेले. खालचा ओठ जरा लोंबता, हनुवटी वर. बायकोनं तो घासायला उचलला, दिव्याकडे धरला आणि म्हणाली, "अहो, हे साहेब कशाला आणलेत घरात?"

बंधुभगिनींनो, मी तो मोडणार होतो. तिनं मोडू दिला नाही. त्या दिवसापासून दुकानाशी व्यवहार तिच्या नावानं सुरू झाला. नियम मला होता, तिला नव्हता. आणि त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक संचातला प्रत्येक उंट साहेबांच्या तोंडवळ्याचा झाला. गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारायचं, तो रुबाबदार उंटाचा संच आहे का? उंटावरचे शहाणे मी पुष्कळ पाहिले होते, पण उंटाच्याच जागी बसवलेला हा पहिला. तिरकी चाल तर सोंगटीला आधीपासूनच होती. मला काही करावं लागलं नाही.

साहेब, तुमचं तोंड विकून मी तुमच्या मेहुण्याचं कर्ज फेडलं. त्यानंतर एक हप्ता चुकवला नाही.

आज सर्वांच्या वर्गणीतून साहेबांना भेट दिली आहे, ती पेटी समोर टेबलावर आहे. साहेबांना बुद्धिबळाची आवड, म्हणून समितीनं त्या दुकानातला सगळ्यात भारी संच निवडला. दुकानदारानं पैसे नेहमीप्रमाणे माझ्या बायकोच्या हाती दिले आणि तिनं त्यातूनच काल शेवटचा हप्ता भरला. सचिवसाहेब मान डोलावताहेत, म्हणजे मी खोटं बोलत नाही. तुमच्याच निरोपाच्या वर्गणीनं तुमच्या घरचं कर्ज फिटलं, यापरता सत्कार मला तरी सुचला नाही.

वहिनी, जरा पेटी उघडता का? तो पांढरा उंट हातात घ्या. आता डावीकडे बघा.

वहिनी तोंडाला पदर लावताहेत. म्हणजे ओळख पटली.

साहेब, सोंगट्या मोजल्यात तर एक उंट कमी भरेल. समितीची त्यात चूक नाही. आणून ठेवलेल्या पेटीतून तो मीच काढला. आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला आहे. तो हवा असेल तर आमच्या घरी या. दिवसाढवळ्या या. आम्ही तुम्हाला खुर्ची देऊ. माझ्या बायकोसमोर एवढंच म्हणा की सही याची होती, शब्द माझा होता. ती स्वतःच्या हातानं उंट तुम्हाला देईल. तोवर मात्र ज्याच्याशी डाव मांडाल त्याला एक उंट कमी का, ते तुम्हीच सांगत बसा.

ती आज कितीतरी वर्षांनी फाटकाच्या आत आली आहे. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली आहे. साहेब, आमच्या घरापर्यंत चालणं जड वाटत असेल, तर ही रांग त्याहून जवळ आहे.

बाईसाहेबांनी दोन शब्दांऐवजी इतके बोलू दिले, त्याबद्दल त्यांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात काही अधिक झालं असेल तर ते पोटात घाला. उणं मात्र मी काही ठेवलेलं नाही, एक उंट सोडून.