आप्पांचं सोवळ्यातलं सोयाबीन

रिठदच्या माझ्या माणसांनो, आप्पांच्या दोस्तांनो,

लिहून आणलंय. आठवीत शाळा सुटली, अक्षर वाकडं आहे. पण न वाचता बोललो तर अर्धं राहून जाईल. आप्पा माझे सख्खे काका. परवा खळ्यात बसल्या बसल्या गेले. मी कालच बंदरावरून आलो.

आपण सगळे त्यांना हसायचो. खरेदीवाल्या कंपनीचा साहेब म्हणाला होता, परदेशात जनुक न बदललेलं सोयाबीन पाहिजे, भाव चांगला देऊ. आपली कपाशी बीटीची, म्हणजे जनुक बदललेलीच, म्हणून सरकीचा कणही मिसळला तर माल परत. झालं. तेव्हापासून आप्पा एकेक पोतं उलटं करून झटकायचे. सरकी वाहिलेली गाडी दारात उभी राहू द्यायचे नाहीत. व्याह्यांनी दिलेली पोती आधी सरकीची होती म्हणून परत धाडली, व्याही वर्षभर बोलले नाहीत.

काकू म्हणायची, "या माणसाचं सोयाबीन सोवळ्यात बसते. मले बी शिवू देत नाही."

आप्पा म्हणायचे, "हास तू. आपल्या गावाचं नाव तिकडं चालून राह्यलं."

कोणाचं नाव चाललं, सांगा?

मी बंदरावर हमाली करतो. सरकारनं परवानगी दिली आणि जनुक बदललेल्या सोयाबीनची, तेल काढून उरलेली ढेप जहाजानं आली, कोंबड्यांच्या खाद्यासाठी. मीच उतरवली. माल घ्यायला कोण उभा होता? हाच साहेब. मी लगेच फोन लावला. आप्पा म्हणाले, "तू दुसरा कोणी पाह्यला असशील. तो माह्या घरी जेवला हाय."

आपल्या ताटात जेवला की माणूस आपला. कायले असे आहोत आपण?

या हंगामात साहेब आला नाही. फोनही उचलला नाही. तुम्ही आता ज्या पोत्यांना टेकून बसलात ना, ती त्याच्यासाठीच भरलेली. मी म्हटलं, विकून टाका मंडीत. "थांब. येईलच तो. माल साफ पाह्यजे." परवा गेले तेव्हाही हातात उलटं केलेलं पोतं होतं.

फोटोवर दोन हार आहेत. झेंडूचा आपण घातला. मोठा, गुलाबाचा, आज सकाळी साहेबानं गाडीनं पाठवला. स्वतः आला नाही.

काकू, तो हार उतरव. ज्याचा भरवसा नाही, ते आप्पांनी कधी आत घेतलं नाही. एकदाच चुकले.

उतरवला?

आता उठा सगळे. टोप्या काढा. दोन मिनिटं कोणी बोलू नका.