पोटाशी धरून नेलेला डबा

मी, खाली सही करणारी, वय २४ वर्षे, धंदा नोकरी, शिक्षण पदवी (घरात पहिलीच), राहणार बेकरीच्या वरच्या खोल्यांत आईसोबत, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी औषधे तयार करणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. माणसाच्या पेशींपासून हृदयाच्या स्नायूचे लहान तुकडे वाढवणे हे माझे काम. हे तुकडे आपोआप धडधडतात. नवीन औषध त्यांच्यावर टाकले की ठोका बिघडतो का ते कळते. पूर्वी हे कुत्र्यांवर पाहत. सगळ्याच चाचण्या अशा करता येतात असे माझे म्हणणे नाही. ही एक येते. विभागाच्या मॅडमनी ठरवले होते की, सोमवारी तुकडे तयार असले तर औषध त्यांच्यावर तपासायचे, नसले तर मागच्या आवारात आणून ठेवलेल्या कुत्र्यांवर. त्या कुत्र्यांना नावे द्यायची नाहीत असा नियम आहे. मी तो पाळला आहे. त्यांतले एक माझ्या चपलांचा आवाज ओळखते, एवढेच.

आज रविवार. पेशींना सुट्टी नसते, म्हणून त्यांचे खाद्य बदलायला मी दुपारी गेले. तिथून पुढे दुकानातून आईचा चष्मा आणायला जायचे होते, म्हणून ती सोबत होती. ती फाटकाजवळच्या बाकावर बसली. आत वीज गेली होती आणि जनरेटर चालू होत नव्हता. पेशी ठेवायचे उबदार कपाट थंड पडत चालले होते. पेशींना आपल्या अंगाइतकी ऊब लागते. मॅडम विमानात होत्या, फोन लागला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात माझी मैत्रीण असेच काम करते, तिला फोन केला. ती म्हणाली, "आण. पण गार करून आणलंस तर उपयोग नाही."

मी तुकड्यांच्या चार बाटल्या खाद्याने काठोकाठ भरून, घट्ट बंद करून डब्यात ठेवल्या. फाटकावर पहारेकऱ्याने अडवले. माल बाहेर न्यायला मॅडमच्या सहीचा पास लागतो. तो म्हणाला, "ताई, विश्वास आहे हो तुमच्यावर, पण माझी नोकरी पासवर चालते." तो त्याच्या साहेबांना फोन करायला वळला तेव्हा मी निघाले. कुठे जाते ते ओरडून सांगितले. त्याची काही चूक नाही.

बाहेर वारा होता. आईने डबा माझ्या हातून घेतला, स्वेटरच्या आत पोटाशी धरला आणि वरून शाल ओढली. बसमध्ये एका बाईने उठून तिला जागा दिली आणि कितवा महिना म्हणून विचारले. आईचे वय ५१ आहे. आई म्हणाली, "दिवस भरलेत, बाई." मग मला हळूच म्हणाली, "धडधडतंय ना गं आत?"

मी म्हणाले, "असावं. तू हलू नकोस."

"तुझ्या वेळीही सगळे हेच सांगायचे," ती म्हणाली. खड्डा आला की ती सीटवरून उठून डबा अधांतरी धरायची. तिचे गुडघे दुखतात.

डबा मैत्रिणीच्या हाती देऊन आम्ही रुग्णालयाच्या दाराशी आलो, तिथून कंपनीच्या तक्रारीवरून पोलिसांनी आम्हाला येथे ठाण्यात आणले. पासाशिवाय माल नेला हे मला मान्य आहे. आईने मी दिलेले धरले, तिचा दुसरा संबंध नाही. माझ्या शिक्षणासाठी तिने लोकांचे गणवेश शिवले आहेत. हे मला विचारलेले नाही, तरी लिहून घ्यावे.

जबाब चालू असताना मैत्रिणीचा फोन आला. हवालदारांनी तो घेऊ दिला. तीन बाटल्यांतले तुकडे धडधडत आहेत, चौथीतले थांबले. सोमवारच्या चाचणीला तीन पुरतात. आईला सांगून येऊ का असे मी विचारले. जबाब पुरा होईपर्यंत मला उठता येणार नव्हते, म्हणून हवालदार स्वतः बाहेर जाऊन तिला सांगून आले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "आईने माल शालीखाली लपवून नेला" असे लिहिले गेले होते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून "पोटाशी धरून, ऊब देत नेला" असे केले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.