वारा सांगणारी

वायोमिंगमधल्या कॅस्पर गावी बंदुकांच्या दुकानात मार्ला रांगेत उभी होती. पुढे व्हर्नन आणि आर्लीन हे सत्तरीचं जोडपं. काउंटरवर दोन लांबलचक रायफली आडव्या पाहून आपला नंबर लवकर लागणार नाही, हे तिने ओळखलं.

“दोन्ही मैलभर लांबच्या नेमाच्या पोलादी पाटीवर मारतात,” दुकानदार केल म्हणाला. “ही धाकटी. ती थोरली, पॉइंट पन्नास कॅलिबरची. गोळी जड, वाऱ्याला कमी जुमानते.”

“थोरलीच घे, व्हर्नन. किती वर्षं तिचाच जप चाललाय तुझा,” आर्लीन म्हणाली.

“केल, ही बसणार कुठे?” व्हर्ननने बायकोकडे बोट दाखवलं.

“थोरलीच्या शेजारी नाही बसता येत. बार काढला की दोन्ही अंगांनी धूळ आणि दणका. काकूंना मागे गाडीपाशी बसावं लागेल.”

“बसेन की. स्वेटर तरी पुरा होईल.”

“मग शेजारी बसून, दुर्बिणीतून बघून, वारा कुठून येतोय ते मला कोण सांगणार?”

“मी नेम डावीकडे धर म्हटलं की तू उजवीकडे धरतोस. तुला कशाला हवाय माझा वारा?”

“धरतो. चुकतो. मग तू कोपर मारतेस.”

“मारणारच.”

“गाडीपासून पोचेल का तुझं कोपर?”

व्हर्नन काउंटरकडे वळला.

“केल, धाकटी बांध.”

“वेडा आहेस. थोरली थोरली ऐकून माझे कान किटले होते.”

“आता रविवारी दुर्बिणीत नीट बघ. मागच्या वेळी वारा चुकीचा सांगितलास.”

“मी? केल, ती थोरलीच बांध रे.”