निळ्या पावडरीचं पाणी

...नाही, नूबियाबाई, आधी त्यांचं औषध द्या, मला घाई नाही. म्हणजे आहे — पण द्या. मला काय, एक पाण्याची कुपी हवी. प्यायचं नव्हे, इंजेक्शनचं, जंतू मारलेलं. आमच्या पोरीनं, यामिलेनं, पोटाचं ऑपरेशन करून घेतलं ना काली शहरात — तिसऱ्या बाळंतपणानं लोंबलं होतं, डॉक्टरनं आवळून दिलं, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत व्रण. टाके निघाल्यावर त्यानं निळी पावडर दिली. पेप्टाइड म्हणतात. जखम चांगली भरते, व्रण पुसट होतो म्हणे — मला कुठं वाचता येतं. पाण्यात कालवायची, फ्रीजमध्ये ठेवायची, रोज व्रणाच्या कडेनं बारीक सुईनं टोचायची. नर्स येणार होती. मीच म्हटलं, नर्स कशाला, चाळीस वर्षं मळ्यावरच्या गुरांना सुया मारल्या मी. पोरगी हसली — "बाबा, मी काय तुमची गाय? अन् हात बघा, केवढे कापतात!"

कापतात, बाई. खोटं कशाला बोलू.

ताप? आहे तिला थोडा. तीन दिवस. काल रात्रभर दात वाजत होते. ते डुकराच्या मांसानं — ऑपरेशननंतर डुक्कर, अंडं, काही चालत नाही ना, आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक. आणि आमच्या बायकोनं, ओर्फिलियानं, वाढदिवसाला तिला चिचार्रोनचा, तळलेल्या डुकराच्या कातडीचा, एक तुकडा दिला, लेकरू मागतंय म्हणून. आता शेजारणी तिला दारात उभं करून बोलतात — "पोटच्या पोरीला डुक्कर चारलंस?" तीही छाती बडवते, मी मारलं म्हणते, दोन दिवस चुलीपाशी गेली नाही. मी बघतो. गप्प बसतो.

लाल? हो, लाल आहे. पसरलंय, मांडीपर्यंत. एका जागी काळपट... बाई, असं बघू नका, मला भीती वाटते.

गुरुवारी डॉक्टरनं दिलेल्या पाण्याची कुपी हातातून पडली. फुटली. पाणी सगळं फरशीवर. आता सांगितलं तर म्हणणार, बघा, म्हातारा कामाचा नाही — म्हणून गपचूप काचा उचलल्या. पातेल्यात उकळलेलं पाणी होतं, पानेलाचा गूळ घालून प्यायला ठेवलेलं. ते फडक्यातून गाळलं. स्वच्छ फडकं हो! मळ्यावर एकदा लशीचं पाणी संपलं तेव्हा असंच केलं होतं, एक वासरूसुद्धा मेलं नाही. पावडर त्यात कालवली — तोच निळा रंग आला, अगदी तोच. मला वाटलं, झालं. तेच टोचलं. शुक्रवारी पण. शनिवारी पण, ताप चढल्यावर पण — औषधच आहे ना, उतरेल म्हटलं.

म्हणून ही कुपी हवी, खरं पाणी घालून आज एकदा टोचलं की —

नको? अजिबात नको? बरं. नाही टोचत.

शटर का ओढताय, बाई? फोन कुणाला? अँब्युलन्स... इतकं झालंय का हो? जगेल ना ती? काहीतरी बोला. घर साखर कारखान्याच्या मागं, हिरवा दरवाजा, एवेलिओचं घर म्हणा, कुणीही दाखवेल. काय विचारतात फोनवरचे? पोटात काय गेलं, कुणी टोचलं? तुम्हीच सांगा ना, तुम्हाला नीट बोलता येतं... मीच?

द्या.

हॅलो. मी तिचा बाप. मांसाचं काही नाही, साहेब. सुई मी टोचली.